मिचेल न्यूयॉर्कला का गेला नाही? एनबीएच्या ट्रेडचं गणित, सोप्या भाषेत

एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची फायनल जूनमध्ये संपते, पुढचा सीझन ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, मधल्या काळात एकही खरी मॅच नसते आणि फॅन लोकांची सगळ्यात जोरदार भांडणं नेमकी याच महिन्यांत होतात. विषय बहुतेक वेळा एकच असतो, कुठल्यातरी टीमचा पंचविशीतला गार्ड बाजारात आलाय अशी कुणकुण लागते आणि मग अमका द्या, तमक्याला हात लावू नका, एवढे पिक (नवी पोरं निवडायचे हक्क) द्या, तेवढे नको, असं सुरू होतं ते थेट सप्टेंबरपर्यंत. नवीन बघणाऱ्याला यातलं निम्मं कळत नाही. कोण चांगला खेळतो हे डोळ्यांना दिसतं, पण पगार जुळवायचा म्हणजे काय, स्वॅप काय प्रकार आहे, प्रोटेक्टेड पिक कुणापासून प्रोटेक्टेड, हे कुणी नीट सांगतच नाही. म्हणून एकच केस घेऊन सांगतो, 2022 च्या उन्हाळ्यातली डोनोव्हन मिचेलची. ट्रेड, म्हणजे टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल, शिकायला यापेक्षा चांगली केस मला तरी माहीत नाही, कारण यात जवळपास प्रत्येक नियम कुठे ना कुठे आडवा आला.

आधी माणूस कोण ते बघू. मिचेल म्हणजे युटा जॅझचा स्टार गार्ड, तेव्हा वय 25. 2017 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडायच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात, डेन्व्हरने त्याला 13व्या नंबरला घेतलं आणि लगेच युटाला देऊन टाकलं, बदल्यात घेतला ट्रे लाइल्स आणि 24वा पिक. त्याच डेन्व्हरविरुद्ध 2020 च्या प्लेऑफमध्ये मिचेलने एका मॅचमध्ये 57 पॉइंट केले. पण युटाची गाडी प्लेऑफमध्ये दरवर्षी कुठेतरी अडायची, 2022 ला तर पहिल्याच राउंडमध्ये डॅलसने 4-2 ने बाहेर काढलं, मग कोच क्विन स्नायडर सोडून गेला आणि जुलै लागल्या लागल्या बॉस डॅनी एन्जने सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) रूडी गोबेअरला मिनेसोटाला देऊन टाकलं. तिथेच सगळ्यांना कळलं की पुढचा नंबर मिचेलचा. त्यात मिचेल न्यूयॉर्कच्याच भागात वाढलेला, वडील मेट्स या तिथल्या बेसबॉल टीममध्ये नोकरीला, त्यामुळे निक्स या न्यूयॉर्कच्या बास्केटबॉल टीमच्या फॅननी त्याला मनातल्या मनात घरचा मानूनच टाकलं होतं.

आता आपल्याला आयपीएलची सवय आहे म्हणून तिथून सुरुवात करतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईला आला तो पूर्ण पैशांवर, बदल्यात मुंबईने गुजरातला एकही खेळाडू दिला नाही. एनबीएत स्टारच्या बाबतीत असं होत नाही. ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येते पण त्याला वर्षाची छोटीशी मर्यादा आहे, त्यामुळे द्यायचे ते खेळाडू आणि पुढच्या ड्राफ्टमधले पिक. आणि खेळाडू देताना पगार जुळला पाहिजे. लीगची एक सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, असते, 2022-23 साठी ती सुमारे 12.37 कोटी डॉलर होती. बहुतेक टीम कॅपच्या वरच असतात, कारण स्वतःच्याच खेळाडूला परत साइन करताना कॅप ओलांडायला परवानगी आहे. पण एकदा कॅपच्या वर गेलात की ट्रेडमध्ये तुम्ही जेवढा पगार बाहेर पाठवता त्याच्या आसपासचाच पगार आत घेऊ शकता. तेव्हाचा साधारण नियम असा होता की पाठवलेल्या पगाराच्या सव्वापट अधिक एक लाख डॉलर, तेवढ्यापर्यंत घ्या.

हे आकड्यांत बघितलं की लगेच डोक्यात बसतं. मिचेलचा त्या वर्षीचा पगार सुमारे 3.03 कोटी डॉलर. म्हणजे निक्सने कमीत कमी 2.42 कोटींच्या आसपास पगार बाहेर पाठवायला हवा. फॅन लोक जी पोरं मोजत होते त्यांचे पगार बघा, आर. जे. बॅरेट 1.09 कोटी, ओबी टॉपिन 53 लाख, इमॅन्युएल क्विकली 23 लाख, क्वेंटिन ग्राइम्सही 23 लाखच. चौघांची बेरीज 2.08 कोटी! चार चांगली तरुण पोरं दिली तरी नियमात बसत नाही. का, तर ही सगळी रुकी कॉन्ट्रॅक्टवरची पोरं, म्हणजे ड्राफ्टमधून आल्यावर पहिली चार वर्षं पगार आधीच ठरलेला आणि खेळाच्या मानाने कमी. म्हणून अशा प्रत्येक चर्चेत एव्हान फोर्निएचं नाव यायचंच, पगार 1.8 कोटी. युटाला तो हवा होता म्हणून ते नाव येत नव्हतं, त्याचा पगार मोठा होता म्हणून येत होतं. बॅरेट आणि फोर्निए मिळून 2.89, झालं जुळलं. पुढच्या वेळी कुठल्याही अफवेत एखादं न समजणारं नाव दिसलं की आधी त्याचा पगार बघा, दहातल्या नऊ वेळा उत्तर तिथेच असतं.

आता पिक. हा भाग नीट समजला तर बाकी सगळं सोपं आहे.

दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट होतो, कॉलेजमधून आणि परदेशातून आलेली नवी पोरं टीमा क्रमाने उचलतात, आणि क्रम साधारण असा की जी टीम जास्त हरली तिला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. प्रत्येक टीमचा दरवर्षी एक फर्स्ट राउंड पिक असतो आणि पुढच्या सात वर्षांपर्यंतचे पिक आजच ट्रेड करता येतात. म्हणजे 2022 च्या उन्हाळ्यात तुम्ही 2029 चा पिक देऊ शकता, जो पोरगा त्या पिकवर येणार तो तेव्हा शाळेत असेल. हा मला या खेळातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो, की सात वर्षांनंतर आपली टीम किती वाईट असेल यावर आज सौदा होतो आणि सौदा करणारा जनरल मॅनेजर तेव्हा नोकरीत असेलच याची काही खात्री नाही.

पण सलग सगळे पिक वाटून टाकता येत नाहीत. स्टेपियन नियम म्हणून एक नियम आहे, पुढच्या कुठल्याही दोन सलग वर्षांत तुमच्याकडे फर्स्ट राउंड पिक नाही अशी वेळ येता कामा नये. हे नाव टेड स्टेपियनवरून आलं, 1980 च्या सुरुवातीला क्लीव्हलँड कॅव्हलिअर्सचा मालक होता, त्याने एकापाठोपाठ एक पिक उधळले आणि टीमची इतकी वाट लागली की 1983 ला नवीन मालक आल्यावर लीगने त्यांना जादाचे पिक विकत घ्यायची मुभा दिली. त्यामुळे आजही मोठ्या ट्रेडमध्ये पिक एकाआड एक वर्षांचे दिसतात, 2025, 2027, 2029 असे. आणि मधल्या वर्षांसाठी पिक स्वॅप देतात. स्वॅप म्हणजे त्या वर्षी दोघांचे पिक बघायचे, समोरच्या टीमचा वरचा निघाला तर आपला देऊन तो घ्यायचा, नाही निघाला तर आपला आपल्याकडेच. तुमच्याकडे काहीतरी पिक उरतो म्हणून स्टेपियन नियम मोडत नाही. फॅन लोक स्वॅपला फुकटात दिल्यासारखं मोजतात आणि तिथे ते फसतात, देणारी टीम कोसळली तर स्वॅप हा अख्ख्या पिकइतकाच महाग पडतो.

प्रोटेक्टेड पिक हा आणखी एक प्रकार. टॉप 10 प्रोटेक्टेड म्हणजे पिक पहिल्या दहात आला तर मूळ टीम स्वतःकडे ठेवणार आणि तुमचं येणं पुढच्या वर्षावर ढकललं जाणार, अकरावा किंवा खालचा आला तरच तुम्हाला. निक्सकडे 2022 ला स्वतःचे चार आणि दुसऱ्यांचे चार असे आठ फर्स्ट राउंड पिक ट्रेडसाठी मोकळे होते, आठचा आकडा ऐकून लोक हुरळून जायचे, पण दुसऱ्यांचे चारही प्रोटेक्टेड होते. त्यातला एक डॅलसचा, 2023 चा, टॉप 10 प्रोटेक्टेड. त्याचं काय झालं ते बघा. 2023 च्या एप्रिलमध्ये सीझनच्या शेवटच्या दिवसांत डॅलसला पुढच्या फेरीची गणिती आशा शिल्लक असताना त्यांनी शिकागोविरुद्ध कायरी अर्विंगसकट मुख्य खेळाडू बसवले, लुका डॉन्चिचलाही थोडाच वेळ खेळवून बाहेर काढलं आणि मॅच हरले. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. पण पिक बरोबर दहावा आला आणि डॅलसकडेच राहिला, त्याच पिकच्या अदलाबदलीतून त्यांना डेरेक लाइव्हली मिळाला, जो पुढच्याच वर्षी त्यांच्याबरोबर फायनल खेळला. निक्सला 2024 मध्ये जो पिक मिळाला तो होता 24वा. दहावा आणि चोविसावा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि डॅनी एन्ज हे ओळखून होता, म्हणून तो अनप्रोटेक्टेड, म्हणजे निक्सचे स्वतःचे, काहीही अट नसलेले पिक मागत होता.

किंमत इतकी चढायचं कारणही त्याच उन्हाळ्यात आहे. जून संपता संपता अटलांटाने सॅन अँटोनियोकडून डिजाँटे मरे घेतला, तोही 25 वर्षांचा गार्ड, तीन फर्स्ट राउंड पिक आणि एक स्वॅप देऊन. मग दोन-तीन दिवसांत मिनेसोटाने गोबेअरसाठी चार पिक, एक स्वॅप, नुकताच ड्राफ्ट झालेला वॉकर केस्लर आणि वर चार खेळाडू दिले. गोबेअर तेव्हा तिशीचा आणि तोही सेंटर. साहजिकच युटा म्हणणार की गोबेअरचे एवढे तर मिचेलचे किती? त्यात मिचेलच्या पाच वर्षांच्या 16.3 कोटी डॉलरच्या कॉन्ट्रॅक्टमधली तीन पक्की वर्षं अजून शिल्लक होती. ही गोष्ट लोक विसरतात, ट्रेडमध्ये तुम्ही खेळाडू घेताना त्याची वर्षं विकत घेत असता. एक वर्ष उरलेला स्टार आणि तीन वर्षं उरलेला तोच स्टार यांची किंमत सारखी नसते.

निक्सच्या फॅनमध्ये तेव्हा सरळ दोन तट पडले. एक गट म्हणायचा स्टार रोज रोज मिळत नाही, क्विकली आणि ग्राइम्स दोघेही 25व्या नंबरला ड्राफ्ट झालेले, अशी पोरं परत शोधता येतील, देऊन टाका. दुसरा गट म्हणायचा सगळं देऊन मिचेल आणला तर त्याच्या बाजूला खेळणार कोण? आणि याच उन्हाळ्यात निक्सने जेलन ब्रन्सनला चार वर्षांसाठी 10.4 कोटी डॉलरला आणलं होतं, तो सहा फूट दोन इंच, मिचेल त्याच्यापेक्षा एखादा इंच इकडेतिकडे. दोन बुटके गार्ड एकत्र, डिफेन्सचं काय? ही शंका खोटी नव्हती, अटलांटात मरे आणि ट्रे यंग ही जोडी दोन वर्षांत मोडली आणि 2024 ला मरेला न्यू ऑर्लिन्सला पाठवावं लागलं. एक गोष्ट मात्र तेव्हा फार कमी लोक बोलत होते. डॅलसने ज्या सिरीजमध्ये मिचेलच्या युटाला हरवलं, तिच्या दुसऱ्या मॅचमध्ये डॉन्चिच दुखापतीने बाहेर असताना ब्रन्सनने 41 पॉइंट मारले होते. म्हणजे निक्सला हवा असलेला स्टार गार्ड त्यांच्याकडे ऑलरेडी आलेला होता, फक्त त्याला कुणी स्टार म्हणत नव्हतं.

बोलणी बरेच आठवडे चालली आणि बातम्यांमध्ये येत होतं त्याप्रमाणे अडलं ते दोन गोष्टींवर, अनप्रोटेक्टेड पिक किती आणि ग्राइम्स-क्विकलीपैकी कोण. मग ऑगस्टच्या शेवटी निक्सने बॅरेटला चार वर्षांचं, 12 कोटी डॉलरपर्यंत जाणारं एक्स्टेन्शन, म्हणजे कॉन्ट्रॅक्टची मुदतवाढ, दिलं. 1999 मध्ये चार्ली वॉर्डला दिल्यानंतर निक्सने स्वतः ड्राफ्ट केलेल्या पोराला रुकी कॉन्ट्रॅक्टनंतर असं अनेक वर्षांचं एक्स्टेन्शन दिलंच नव्हतं, यावरून ती फ्रँचायझी कशी चालली होती ते समजा. पण ट्रेडच्या दृष्टीने यात एक मोठी मेख आहे, तिला पॉयझन पिल म्हणतात. रुकी एक्स्टेन्शन सही झालं पण अजून लागू झालं नाही अशा मधल्या काळात त्या खेळाडूला ट्रेड केलं तर पाठवणाऱ्या टीमसाठी त्याचा चालू पगार मोजतात आणि घेणाऱ्या टीमसाठी चालू वर्ष आणि नव्या वर्षांची सरासरी मोजतात. म्हणजे निक्सच्या बाजूने बॅरेट अजूनही 1.09 कोटींचाच आणि युटाच्या बाजूने मात्र अडीच कोटींच्या घरात. आता वरचं गणित परत मांडा. मिचेलला पाठवून युटा सव्वापटीच्या नियमाने फार तर 3.8 कोटी आत घेऊ शकते, बॅरेट अडीच आणि फोर्निए 1.8, बेरीज चारच्या पुढे. आदल्या दिवशीपर्यंत जुळणारा ट्रेड एका सहीने बिघडला. निक्सचा प्रेसिडेंट लिऑन रोझ पूर्वी स्वतः खेळाडूंचा एजंट होता, त्याला हे पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे मी तरी त्या सहीकडे निक्सचा शेवटचा शब्द म्हणूनच बघतो.

आणि 1 सप्टेंबरला बातमी आली की मिचेल क्लीव्हलँडला गेला. ज्या टीमचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं तिथे! क्लीव्हलँडने दिलं ते असं: लॉरी मार्कानेन, कॉलिन सेक्स्टन, त्याच वर्षी 14व्या नंबरला ड्राफ्ट झालेला ओचाय अगबाजी, 2025, 2027, 2029 चे तीन अनप्रोटेक्टेड पिक आणि 2026, 2028 चे स्वॅप. स्टेपियनच्याच टीमने स्टेपियन नियमाच्या काठावर जाऊन पाच वर्षांचा ड्राफ्ट देऊन टाकला. सेक्स्टनचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं होतं, त्याच्यासाठी साइन अँड ट्रेड केलं, म्हणजे आधी जुन्या टीमबरोबर नवीन कॉन्ट्रॅक्ट, चार वर्षं 7.2 कोटी, आणि सही होताच रवानगी.

कागदावर हे निक्सने द्यायच्या मालापेक्षा फार वेगळं दिसत नाही. मग क्लीव्हलँडला ते का परवडलं? माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे, ट्रेडची किंमत मोजताना काय दिलं याच्याआधी मागे काय उरलं ते मोजायचं. क्लीव्हलँडकडे डॅरियस गार्लंड उरला, जॅरेट अ‍ॅलन उरला आणि 2021 ला तिसऱ्या नंबरला घेतलेला इव्हन मोब्ली उरला. तिघेही तरुण. मागच्या वर्षी 44 मॅच जिंकलेली टीम, मिचेल येऊन बसला की लगेच 51. पिक द्यायला त्यांना भीती वाटायचं कारण नव्हतं, कारण टीम चांगली राहणार म्हणजे पिक खालचेच येणार. निक्सने 2021-22 ला 37 मॅच जिंकल्या होत्या, त्यांच्याकडची मोजकी पोरं गेली असती तर टीम मधेच लटकली असती आणि दिलेले पिक वरचे ठरले असते. तेच तीन पिक एका टीमसाठी स्वस्त आणि दुसरीसाठी महाग असतात, पण फॅन लोक भाव ठरवताना दोघांना एकच फूटपट्टी लावतात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे तरी पटकन सांगतो. 2 जानेवारी 2023 ला मिचेलने शिकागोविरुद्ध एकाच मॅचमध्ये 71 पॉइंट केले आणि त्या रात्री निक्सचे बरेच फॅन हळहळले असणार. तीन महिन्यांनी प्लेऑफच्या पहिल्या राउंडमध्ये नेमकी क्लीव्हलँड विरुद्ध न्यूयॉर्क अशीच जोडी लागली आणि निक्सने 4-1 ने मारलं, 2013 नंतरची त्यांची पहिली सिरीज जिंकलेली. मार्कानेन युटाला जाऊन ऑल-स्टार झाला आणि मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअरही, हे कुणाच्याच हिशोबात नव्हतं. बॅरेट आणि क्विकलीला निक्सने 2023 च्या डिसेंबर अखेरीस टोरंटोला देऊन ओजी अनुनोबी घेतला. साठवलेले पिक 2024 च्या उन्हाळ्यात मिकाल ब्रिजेससाठी खर्च झाले, त्यात स्वतःचे 2025, 2027, 2029 आणि 2031 चे, बघा परत एकाआड एक. आणि 2025 ला निक्स ईस्टच्या, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या गटाच्या, फायनलला पोचली, 2000 नंतर पहिल्यांदा. दुसरीकडे क्लीव्हलँडने 2024-25 ला 64 मॅच जिंकल्या, मिचेलने 2024 मध्येच तीन वर्षांचं एक्स्टेन्शन घेतलं होतं, पण 2025 पर्यंत तरी टीम दुसऱ्या राउंडच्या पुढे काही सरकली नाही. मला विचाराल तर निक्सने हात आवरला ते बरोबर केलं आणि क्लीव्हलँडने हात सोडला तेही बरोबर केलं.

आता हे वाचून आजच्या अफवांवर लगेच हिशोब मांडायला बसाल तर एक सांगतो, 2023 पासून नियम बरेच कडक झालेत. सव्वापटीचा नियम आता सगळ्यांना सरसकट लागू नाही, ज्यांचा पगाराचा खर्च खूप वर जातो त्यांच्यासाठी पहिला एप्रन आणि दुसरा एप्रन अशा दोन रेषा आहेत. दुसऱ्या रेषेच्या वर असलेल्या टीमला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा स्टार आणताच येत नाही, पाठवला त्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पिकही गोठतो, म्हणजे तो ट्रेड करता येत नाही. त्यामुळे दोन देऊ एक घेऊ हा फॅन लोकांचा आवडता फॉर्म्युला श्रीमंत टीमांसाठी जवळपास बंद झालाय आणि पंचविशीच्या आतला, रुकी पगारावरचा गार्ड तर आणखीनच मौल्यवान झालाय, त्याला सोडताना टीमा दहादा विचार करतात.

आणि क्लीव्हलँडचे ते पिक? ज्यांच्यावरून 2022 ला एवढी डोकी फुटली त्यातला पहिला, 2025 चा, आला 29वा, तीसमधला 29वा. तोपर्यंत तो युटाकडेही नव्हता, जानेवारी 2025 मध्ये युटाने तो आणि इतर दोन वर्षांचे काही हक्क फिनिक्सला देऊन फिनिक्सचा 2031 चा अनप्रोटेक्टेड पिक घेतला होता, फिनिक्सने पुढे तो शार्लटला दिला. या सौद्यातला शेवटचा पिक 2029 च्या जूनमध्ये येईल, तेव्हा मिचेल 32 वर्षांचा असेल.